पैसे होते, पण त्या तारखेला नव्हते

जर्मनीत शिकायला निघालेल्या भारतीय मुलांचे पैसे मुलांच्या आधी तिथे पोचतात आणि पोचल्याबरोबर कुलूपबंद होतात. त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. व्हिसा हवा असेल तर वर्षभराच्या राहण्याखाण्याचा खर्च आधीच त्या खात्यात भरायचा. तिथे गेल्यावर दर महिन्याला ठरलेला हप्ता आपल्या साध्या खात्यात सुटतो, त्याहून एक सेंट जास्त नाही. मी २०२२ साली आले तेव्हा ही रक्कम वर्षाला १०,३३२ युरो होती, म्हणजे महिन्याला ८६१. जानेवारी २०२३ पासून ती ११,२०८ झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४. युरोतले आकडे वाचून फारसं काही वाटत नाही, रुपयांत करून बघा. मी आले त्या उन्हाळ्यात युरो ऐंशी रुपयांच्या आसपास होता, आमच्या घरून साधारण सव्वाआठ लाख गेले. २०२५ मध्ये युरोने शंभरी ओलांडली, तेव्हा आलेल्या मुलीच्या घरून त्याच एका वर्षासाठी बारा लाखांच्या आसपास निघाले. जर्मन सरकारच्या हिशेबाने खर्च वाढला पंधरा टक्के. आपल्या आईबापांच्या हिशेबाने चाळीसच्या वर.

आमचे सव्वाआठ लाख तीन ठिकाणांहून जमले होते. थोडं शैक्षणिक कर्ज, थोडी बाबांची मुदतीआधी मोडलेली ठेव, आणि ताईने लग्नासाठी म्हणून बाजूला टाकलेले पैसे, ज्यांच्याबद्दल तिने मला दम दिला होता की परत हा विषय काढायचा नाही. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरताना बाबा 'रक्कम पाठवण्याचा हेतू' या रकान्यापाशी थांबले आणि काउंटरवरच्या माणसाला विचारलं, "शिक्षण लिहू की निर्वाह?" तो म्हणाला, शिक्षण लिहा, निर्वाह वेगळ्या कोडमध्ये जातो. बाबांना ते पटलं नव्हतं. शिकायचं म्हणजे जेवायला लागणारच की, असं ते घरी येईपर्यंत म्हणत होते.

तर कागदोपत्री मी चांगली सधन होते आणि हातात खर्चायला जेमतेम काही. पहिला हप्ता सुटायला जर्मनीतलं चालू बँक खातं लागतं. खातं उघडायला बहुतेक ठिकाणी पत्त्याची नोंदणी विचारतात. पत्त्याची नोंदणी, जिला इथे सगळे अनमेल्डुंग म्हणतात, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. हा दाखला नोव्हेंबर २०१५ पासून सक्तीचा आहे. घरमालक सही देतो घर दिल्यावर, आणि घर देतो डिपॉझिट भरल्यावर. डिपॉझिट भरायचं त्या हप्त्यातून, जो अजून सुटलेला नाही.

शिवाय घरमालकाला शूफाचा कागद हवा असतो. शूफा ही १९२७ पासूनची संस्था, देशातल्या माणसांची पत मोजते: कोणी कर्ज थकवलं, कोणाचं बिल राहिलं. कालच विमानातून उतरलेल्या माणसाची तिच्याकडे पाटी कोरी. आपल्याकडे कोरी पाटी म्हणजे बरी गोष्ट समजतात, इथे घरमालक त्याकडे संशयाने बघतो. मग मुलं जाहिरातींमधल्या अशा खोल्या घेतात जिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'नोंदणी करता येणार नाही'. त्या खोलीत झोपता येतं, पण सरकारच्या लेखी तुम्ही कुठेच राहत नसता. नोंदणी नाही म्हणून टपालाने येणारा अकरा आकडी करक्रमांक नाही, तो नाही म्हणून पहिल्या पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापला जातो. तो पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो हे खरं. भाडं मात्र या महिन्याचं असतं.

परदेशातली तंगी मला या पहिल्या दीड महिन्यातच कळली, आणि पुढच्या वर्षांत तिचं रूप फारसं बदललं नाही. पैसे असतात. कुठेतरी अडकलेले असतात, येणार असतात, परत मिळणार असतात. फक्त ज्या तारखेला लागतात त्या तारखेला नसतात. आणि इथली प्रत्येक गोष्ट तारखेवर चालते. भाडं कायद्यानेच महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचायला हवं. आरोग्यविम्याचा हप्ता ठरलेल्या दिवशी खात्यातून जातो. विद्यापीठाचं सत्रशुल्क चुकलं की नाव कमी होतं, नाव कमी झालं की राहण्याच्या परवान्याचं कारणच संपतं. एक तीनशे युरोंची रक्कम आठवडाभर उशिरा आली तर ती माणसाला थेट देशाबाहेरच्या दारापर्यंत नेऊ शकते. सहसा नेत नाही, आधी स्मरणपत्रं येतात. पण रात्री तीन वाजता जाग आली की माणूस ती सगळी उतरंड शेवटच्या पायरीपर्यंत उतरून येतो.

स्मरणपत्रांवरून आठवलं. हा देश टपालावर चालतो हे कोणी आधी सांगत नाही. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाकिटात. विमा कंपनी, विद्यापीठ, कर खातं, सगळे पत्र लिहितात. नोंदणी झाली की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतंच, महिन्याला १८ युरो ३६ सेंट. घरात टीव्ही आहे की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. २०१३ पासून ती दर घरामागे आहे. दर घरामागे, दर माणसामागे नाही, हे महत्त्वाचं. चार जण एकत्र राहत असतील तर एकाने भरली की बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. आमच्या घरात मी जायच्या आधी दोघं जण वेगवेगळी भरत होते, कारण दोघांनाही पत्र आलं होतं आणि दोघंही आज्ञाधारक होते.

आणि ही सगळी पत्रं पेटीवर नाव असेल तरच पोचतात. फ्लॅट क्रमांक पाचशे तीन, असं काही इथे नसतं. पोस्टमन आडनाव वाचतो. मराठी नावाची इथे आणखी एक पंचाईत. आपल्या पासपोर्टावर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं, आणि इथली संगणकप्रणाली त्या दोघांना मिळून एकच नाव समजते. माझ्या बँकेच्या कार्डावर बाबांचं नाव पूर्ण मावलं नाही, म्हणून ते अर्ध्यावर तोडलेलं आहे. विद्यापीठात बाबा माझ्या आधी येतात. विमा कंपनीत मी आडनावाशिवाय आहे. एका पत्रात तर मला 'श्रीयुत' करून बाबांच्या नावाने हाक मारली होती. आमच्या पेटीवर शेवटी मी चिकटपट्टीवर बारीक पेनाने सगळ्या शक्यता लिहून टाकल्या. शेजारच्या आजींना वाटलं आमच्याकडे आणखी दोन माणसं राहायला आली.

पण हे सगळं पहिल्या वर्षाचं, म्हणजे त्यातल्या त्यात गमतीचं. माझं खरं घोडं अडलं ते दुसऱ्या वर्षाच्या शेवटी.

नॉर्डराइन-वेस्टफालेन राज्यातल्या एका मध्यम शहरात मी शिकत होते. ब्लॉक्ड अकाउंट वर्षभरातच संपलं होतं, संपायचंच होतं. सुदैवाने एका कंपनीत विद्यार्थ्यांसाठीची नोकरी मिळाली होती, आठवड्याला वीस तासांची, आणि त्यात माझं सगळं भागत होतं. घरून पैसे मागवायचे थांबवले होते, ताईला थोडे परतही केले होते. राहण्याचा परवाना २०२४ च्या ऑक्टोबरात संपत होता. मी उन्हाळ्यातच मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन टाकला. उत्तर लगेच आलं, पण ते यंत्राचं: आपला संदेश मिळाला, कृपया पुन्हा पुन्हा विचारणा करू नये, त्याने कामाला विलंब होतो.

नोकरीचा करारही ऑक्टोबरपर्यंतच होता, कारण कंपनी करार परवान्याच्या तारखेपर्यंतच करते. माझ्या कामावर सगळे खूश होते. करार पुढे चालू ठेवायचा हे माझ्या वरिष्ठांनी केव्हाच कळवलं होतं. मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी फक्त नवा परवाना मागितला. मी त्यांना कायदा दाखवला: इथल्या निवास कायद्याच्या ८१ व्या कलमाप्रमाणे मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचं धरतात, काम करण्याच्या हक्कासकट. त्यांनी तो शांतपणे वाचला. म्हणाल्या, "कायदा बरोबर आहे. पण तुम्ही अर्ज केला होता असं या ईमेलमध्ये कुठे लिहिलंय? यात फक्त संदेश मिळाल्याचं लिहिलंय." आणि परवाना नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तर कंपनीला दंड होतो, हेही खरंच होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांचं चुकत कुठे होतं ते मला दाखवता येईना.

तिकडे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला मुदतवाढीसाठी पुढच्या वर्षाच्या निर्वाहाचा पुरावा हवा होता. सप्टेंबरपासून आकडा बदलला होता, आता महिन्याला ९९२ युरो दाखवायचे होते. म्हणजे ८६१ वर आत घेतलेल्या मुलीला ९९२ वर राहू देणार. मी पगारपत्रकं जोडली होती. ती मागच्या महिन्यांची. पुढचं काय?

ऑक्टोबर गेला. करार संपला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्या कार्यालयाच्या दारात भेटीच्या वेळेशिवाय उभी राहिले. पहिल्यांदा दारावरच्या माणसाने परत पाठवलं. पुढच्या खेपेला आत जाता आलं, कारण त्या दिवशी तातडीच्या प्रकरणांसाठी सकाळी दोन तास खुले होते. हे संकेतस्थळावर कुठेही नव्हतं. रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका सिरियन काकांनी सांगितलं. त्यांच्याकडे जाड फाइल होती, रंगीत विभाजक लावलेली, आणि ते दर पाच मिनिटांनी ती उघडून सगळं जागेवर आहे ना ते बघत होते.

काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई होत्या. माझे कागद हातात आल्यावर त्यांनी आधी ते वाचले नाहीत. टेबलावरचं यंत्र पुढे ओढलं, प्रत्येक कागदाला दोन भोकं पाडली, कडा ठोकून सारख्या केल्या, फायलीत ओवले आणि मग पहिल्या पानापासून सुरुवात केली.

"करार ऑक्टोबरपर्यंतच दिसतोय."

"कारण परवाना ऑक्टोबरपर्यंत होता."

"मग पुढचं उत्पन्न?"

"नवा करार झाला की."

"तो कधी होईल?"

"तुम्ही परवाना दिलात की."

त्या थांबल्या. चष्मा काढला. मला वाटलं आता काहीतरी कडक ऐकायला मिळणार. "हं," त्या म्हणाल्या, "असं होतं." आवाजात सहानुभूती म्हणावी तर तशी नव्हती. पाऊस पडतोय असं सांगतात तसं सांगितलं. मग त्यांनी जे विचारलं ते विचारायचं कंपनीला किंवा मला सुचलंच नव्हतं: परवाना मिळाल्यास आम्ही अमुक पगारावर अमुक तारखेपर्यंत करार करू, असं कंपनी एका पानावर लिहून देईल का? करार नको, इरादा चालेल. आणि तोवर त्या मला तात्पुरता दाखला देऊ शकत होत्या, ज्याला फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग असं तोंडात न मावणारं नाव आहे. घडी घालता येणारा जाडसर कागद, त्यावर एक स्टिकर, आणि आतल्या पानावर तीन चौकटी. इथली भारतीय मुलं एकमेकांना पहिलं हेच विचारतात, तिसऱ्या चौकटीत खूण आहे ना? तिसरी म्हणजे जुना परवाना चालू आहे असं समजा. शुल्क तेरा युरो.

तेरा युरोंच्या कागदासाठी माझा दोन महिन्यांचा पगार गेला. कारण कंपनीचं पान, त्यावरच्या सह्या, मग नाताळच्या सुट्ट्या, असं करत कामावर परत रुजू व्हायला जानेवारी उजाडला, आणि त्या महिन्याचा पगार जानेवारीच्या अखेरीला.

त्या दिवसांत पैशांबद्दल काही गोष्टी कळल्या, ज्या पैसे असताना कळत नाहीत. एक म्हणजे गरीब असणं महाग पडतं. विम्याचा हप्ता खात्यातून आपोआप जाणारा होता, खात्यात तेवढे नव्हते, तो परत गेला, आणि परत गेल्याचं शुल्क लागलं. म्हणजे पैसे नाहीत म्हणून आणखी पैसे. यावर उपाय सोपा होता आणि मला तो विमा कंपनीतल्या मुलाने फोनवर सांगितला: हप्त्याची तारीख पुढे ढकलता येते, फक्त आधी कळवावं लागतं. त्यानेच हेही सांगितलं की दोन महिन्यांची थकबाकी झाली तर तातडीच्या उपचारांपलीकडची सेवा थांबू शकते, तेव्हा आज थोडे तरी भरा. मी वीस युरो भरले. त्याने नोंद केली. वीस युरोंची इतक्या गांभीर्याने कोणी नोंद केल्याचं त्याआधी मी पाहिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, डोकं सतत बेरीज करत राहतं. व्याख्यानात बसलेली असताना, बसमध्ये, दात घासताना. सत्राच्या शुल्कात प्रवासाचा पास होता म्हणून फिरणं फुकट होतं, आणि मी त्या दिवसांत उगाच फिरायचे, कारण घरी बसलं की हीटर लावावासा वाटायचा. अभ्यास होत नाही असं नाही. होतो, पण एक पान वाचायला तीन पानांचा वेळ लागतो.

आणि फोन. आई विचारायची, "काय गं, आवाज का असा?" मी म्हणायचे सर्दी झालीये. इथल्या हिवाळ्यात सर्दी ही फार सोयीची गोष्ट आहे, कोणी शंका घेत नाही. बाबा फोनवर आले की फक्त एवढंच विचारायचे, "पैशांचं बरंय ना?" आणि मी म्हणायचे, हो. आता बघायला गेलं तर घरी सांगून पैसे मागवता आले असते. पण तो फोन करायचा म्हणजे सगळं प्रकरण समजावून सांगायचं, आणि समजावून सांगताना ते कसंही सांगितलं तरी असंच वाटतं की माझं काहीतरी चुकलंय. नोकरी गेली नाही पण आहे असंही नाही, परवाना संपलाय पण संपलेला नाही. हे बाबांना कसं सांगणार? त्यांनी आयुष्यभर सरकारी कचेऱ्यांत कामं करून घेतली ती ओळखीने. अमक्याचा मेहुणा तिथे आहे, जाऊन भेट. त्यांनी मला हेच विचारलं असतं, तुमच्या विद्यापीठात कोणी ओळखीचं नाही का?

ओळखीचा विषय निघाला म्हणून. इथे लाच नाही, वशिला नाही, साहेब जेवायला गेलेत असं कोणी सांगत नाही, आणि याचं आपल्या लोकांना फार कौतुक असतं. मलाही आहे. पण ओळखीने काम होत नाही तिथे गयावया करूनही होत नाही, हे त्याच्याबरोबरच येतं. आपण कचेरीत शिरताना चेहऱ्यावर जी अजिजी घेऊन जातो तिचा इथे काहीही उपयोग नाही. उलट समोरचा माणूस ओशाळतो. त्याला कागद हवा असतो. तो दिला की तो कोणासाठीही तेवढंच करतो, माझ्यासाठी आणि त्या सिरियन काकांसाठी. मला हे रुचायला वेळ लागला, पण आता मी दोन्हीतलं एक निवडायचं म्हटलं तर हेच निवडेन. फक्त ज्याला कागद जमवता येत नाही, भाषा येत नाही, ज्याच्याकडे प्रिंटर नाही, त्याच्यासाठी ही निष्पक्ष यंत्रणाही भिंतच असते.

ताईला मात्र फसवता आलं नाही. तिने एका रविवारी सरळ विचारलं, "बोल खरं. किती?" मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "एवढंच ना," आणि पुढे काही बोलायच्या आत मी म्हटलं, पाठवू नकोस, आधी इथे काही होतंय का बघते. हे मी स्वाभिमानाने म्हटलं असं वाटेल. तसं काही नव्हतं. तिने पाठवलेले पैसे बँकेतून निघून इथे पोचेपर्यंत भाड्याची तारीख गेलीच असती.

इथे काय होतं ते मात्र पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रत्येक विद्यापीठाच्या शहरात विद्यार्थ्यांच्या सोयींसाठी श्टुडिरेंडेनवेर्क नावाची संस्था असते. वसतिगृहं आणि खानावळी तीच चालवते, म्हणून आपण तिला तेवढ्यापुरतंच ओळखतो. पण तिथे सामाजिक सल्ला देणारी माणसंही असतात, फुकट, आणि त्यांचं कामच हे असतं. बऱ्याच ठिकाणी अडीअडचणीसाठी बिनव्याजी कर्जाची सोय असते. दुसरी जागा म्हणजे चर्चशी जोडलेली विद्यार्थी मंडळं. प्रोटेस्टंट मंडळांकडे आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आपत्कालीन निधी असतो, तो 'ब्रोट फ्युर डी वेल्ट' या संस्थेकडून येतो आणि परत करायचा नसतो. तुमचा धर्म कोणता, हे कोणी विचारत नाही. मला विचारलं ते तीन महिन्यांचं बँकेचं विवरण, गुणपत्रक आणि पुढे कसं भागणार याचा हिशेब.

तो हिशेब मांडायला ज्या सल्लागार बाई माझ्यासोबत बसल्या, त्यांनी मला एक गोष्ट शिकवली जी कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हती: पत्र कसं लिहायचं. वर संदर्भ क्रमांक. मग एक ओळ, मी अमुक रक्कम देणं लागते हे मला मान्य आहे. मग एक ओळ, आत्ता देता येत नाही, कारण अमुक, पुरावा जोडलाय. मग प्रस्ताव: इतके हप्ते, इतक्या तारखेपासून. बस. मी लिहिलेल्या मसुद्यात क्षमायाचनेचा एक पूर्ण परिच्छेद होता. त्यांनी तो पेन्सिलने कंस घालून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "हे तुमच्यासाठी ठेवा, त्यांना नको." घरमालकाला आणि विमा कंपनीला अशी दोन पत्रं गेली. दोघांनीही मान्य केलं. विमा कंपनीचं उत्तर छापील होतं, घरमालकाने स्वतः फोन केला आणि खिडकीची गळती थांबली का तेही विचारलं.

पत्राला उत्तर न देण्याचा धोका काय असतो तो मी एका मैत्रिणीकडे पाहिला. तिला पिवळं पाकीट आलं. पिवळं म्हणजे कोर्टाच्या रीतीने पोचवलेलं, पाकिटावर पोस्टमनने पोचवल्याची तारीख हाताने टाकलेली. आत दावा होता, एका जिमच्या वर्गणीचा, जी तिने केव्हाच रद्द केली होती. पाकीट बघूनच तिला रडू फुटलं. प्रत्यक्षात कोर्टाने काहीच ठरवलेलं नसतं. मागणी करणाऱ्याने अर्ज केला की कोर्ट तो खरा की खोटा न तपासता पुढे पाठवतं, आणि हे त्या कागदावरच लिहिलेलं असतं. आपल्याकडे दोन आठवडे असतात. सोबत फॉर्म असतो, त्यात 'मला हा दावा मान्य नाही' यापुढे खूण करायची आणि परत पाठवायचा. कारणही द्यावं लागत नाही. पण दोन आठवडे पाकीट उशीखाली ठेवून रडलं तर खोटा दावाही खरा होऊन बसू शकतो. तिने खूण केली, मी तिच्याबरोबर पोस्टात गेले. जिमने परत तोंड उघडलं नाही. तेव्हापासून पाकीट हातात पडलं की पाकिटासकट ठेवायचं, हा आमच्या घरातला नियम आहे, कारण तारीख पाकिटावरच असते.

माझं परवान्याचं कार्ड पुढे मार्चमध्ये आलं. मधल्या काळात मी मागच्या वर्षांची कराची विवरणपत्रं भरून टाकली. स्वेच्छेने भरायची असतील तर चार वर्षं मागे जाता येतं, आणि कमी पगाराच्या विद्यार्थ्याला कापलेला कर बहुतेक सगळा परत मिळतो. तो मिळाला तेव्हा मला त्याची निकड उरलेली नव्हती. ताईला पाठवले. तिने परत तोच दम दिला.

आता नवीन येणारी मुलंमुली मेसेज करतात. "ताई, ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे पुरतात का?" मी सांगते, म्युनिकसारखं महाग शहर नसेल तर महिन्याला पुरतात, काटकसर केली तर. पण ते सुटेपर्यंतच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांचे वेगळे आणा: पहिलं भाडं, डिपॉझिट, सत्राचं शुल्क, विम्याचा पहिला हप्ता. आणि हे घरी आत्ताच सांगा, विमानात बसण्याआधी. या शेवटच्या वाक्यावर बहुतेक जण गप्प होतात. पंधरा मिनिटांनी विचारतात, डिपॉझिट कमी करून मिळतं का?

कमी नाही, पण तुकड्यांत मिळतं. जर्मन कायद्यात डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क आहे. हे मी सगळ्यांना सांगत असते. परवा एका मुलीने उलट विचारलं, "पण ताई, एका खोलीमागे पन्नास जण रांगेत असताना मी हप्त्यांचं बोलले तर तो मला खोली देईल का?" तिचं बरोबर आहे. कायदा आहे आणि खोल्या नाहीत. मी म्हटलं, खोली बघताना अवाक्षर काढू नकोस. आधी करारावर त्याची सही होऊ दे, मग विचार. हक्क सहीनंतरही तेवढाच असतो.